प्रिसिजनचा १ क्लब: नवख्या जोडीने सुरुवात कशी करावी

ब्रिजमधले पत्ते खेळता येतात, गुण मोजता येतात, नैसर्गिक बोलीही जमते, आणि आता भिडू म्हणतोय, "आपण प्रिसिजन खेळू." प्रिसिजन म्हणजे बोलीची एक ठरावीक पद्धत. ती शिकायची म्हटली की हातात पानंच्या पानं नोट्स पडतात. त्यातलं आधी काय शिकायचं आणि काय खुशाल पुढे ढकलायचं, हे कुणी सांगत नाही. ते या लेखात सांगतो. पत्त्यांना मी इस्पिक, बदाम, चौकट, किलवर म्हणेन. बोली मात्र टेबलावर म्हणतात तशीच, म्हणजे १ क्लब, १ डायमंड, १ हार्ट, १ स्पेड, १ नोट्रम्प.

१ क्लबने ओपनिंग केलं म्हणजे हातात किलवर आहेत असं नाही. या बोलीचा अर्थ एवढाच: १६ किंवा जास्त गुण, वाटणी कुठलीही. कल्पना जुनी आहे. ज्या हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ मध्ये आजच्या काँट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धत बसवली, त्यांनीच बलवान हातासाठी कृत्रिम १ क्लब वापरायला सुरुवात केली. पुढे सी. सी. वेई यांनी प्रिसिजन पद्धत बांधली. ती खेळणारा तैवानचा संघ १९६९ च्या बर्म्युडा बाउलमध्ये (ब्रिजची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा) थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि इटलीच्या खालोखाल दुसरा आला. तोपर्यंत त्या संघाला फारसं कुणी मोजत नव्हतं. त्यानंतर जगभर प्रिसिजनचं पेव फुटलं.

पद्धत आवडणाऱ्यांनाही एक गोष्ट उशिरा उमगते. प्रिसिजनची खरी कमाई तुम्ही १ क्लब *म्हणत नाही* त्या डावांत होते. सगळे मोठे हात एका बोलीत कोंबल्यामुळे बाकीच्या बोलींना वरून झाकण बसतं. १ स्पेड म्हटलं की ११ ते १५ गुण आणि पाच इस्पिक, बस्स. भिडूकडे ९ गुण आणि इस्पिकचे दोनच पत्ते असतील, तर गेम (जास्तीचा बोनस मिळवून देणारं काँट्रॅक्ट) नाही हे त्याला तिथल्या तिथे कळतं आणि तो पास म्हणतो. नैसर्गिक पद्धतीत हीच १ स्पेड २० गुणांचीही असू शकते, म्हणून त्याला बोलावंच लागतं. या सोयीची किंमत १ क्लबला मोजावी लागते: हात मोठा असतो, पण कुठला रंग आहे हे अजून कुणालाच माहीत नसतं. विरोधी जोडी नेमका त्याचाच फायदा उठवते. म्हणून या लेखात पाचव्या पायरीला मी सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

सुरू करण्याआधी काय लागेल

- कायमचा एक भिडू. दर वेळी नवा माणूस असेल तर ही पद्धत खेळूच नका.
- भरलेलं सिस्टम कार्ड, दोघांकडे एकेक प्रत, आणि दोन्ही शब्दशः सारख्या. स्पर्धेत हे मागतात.
- स्पर्धेची नियमावली. कुठली कृत्रिम बोली चालते आणि कशाला अलर्ट (ही बोली नेहमीच्या अर्थाची नाही, अशी विरोधकांना सूचना) लागतो, हे आयोजक ठरवतात. जागतिक ब्रिज महासंघाच्या रंगवारीत नेहमी बलवान असणारा १ क्लब वापरणाऱ्या पद्धती निळ्या गटात येतात.
- तुमच्या दोघांच्या करारांचं एक पान. एकच. दोन पानं झाली तर तुम्ही घाई करताय असं समजा.
- सरावासाठी पत्त्यांचा कॅट, किंवा ब्रिज बेस ऑनलाइनवरचं बोलीच्या सरावाचं टेबल.

पायरी १: बाकीची ओपनिंग आधी पक्की करा

१ क्लब शिकायला बसतात आणि बाकीच्या बोली जुन्याच ठेवतात, हा पहिला सापळा. एक वीट काढली की भिंतीतल्या बाकीच्याही हलतात. मूळ पद्धतीचा साचा असा आहे:

- १ डायमंड: ११–१५. चौकट कमी असू शकतात. किमान किती, ते ठरवून कार्डावर लिहा.
- १ हार्ट, १ स्पेड: ११–१५, त्या रंगाचे किमान पाच पत्ते.
- १ नोट्रम्प: १३–१५, समतोल हात, म्हणजे कुठलाही रंग फार लांब किंवा फार तोकडा नाही.
- २ क्लब: ११–१५, सहा किलवर, किंवा पाच किलवर आणि चार पत्त्यांचा एक मेजर (इस्पिक किंवा बदाम).
- २ डायमंड: ११–१५, चौकट एक किंवा शून्य, बाकी तिन्ही रंग.
- २ हार्ट, २ स्पेड: कमजोर हात, सहा पत्ते.
- २ नोट्रम्प: २२–२३, समतोल.

यातली २ डायमंड फार क्वचित येते आणि आली की हमखास कुणीतरी विसरतं. सुरुवातीला ती बाजूला ठेवली तरी चालेल, मात्र मग तसे हात १ डायमंडमध्ये जाणार हे दोघांनाही माहीत हवं.

पायरी २: सोळाचा उंबरठा ओळखा

गुण नेहमीचेच: एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १. पण सोळा म्हणजे काटेकोर सोळा नव्हे. हे दोन हात बघा.

पहिला: इस्पिक राणी-गुलाम-४, बदाम राजा-राणी-गुलाम, चौकट राणी-गुलाम-६, किलवर एक्का-७-३-२. बेरीज १६. पण वाटणी ४-३-३-३, एक्का एकच, आणि निम्मे गुण राण्या-गुलामांचे. मी याला १५ चा हात धरतो आणि १ नोट्रम्प म्हणतो.

दुसरा: इस्पिक एक्का-राजा-१०-९-७-४, बदाम एक्का-८, चौकट एक्का-१०-९-५, किलवर ६. बेरीज १५. तीन एक्के, सहा पत्त्यांचा दणकट रंग, किलवरचा एकच पत्ता. हा बेधडक १ क्लब.

एक पथ्य मात्र पाळा. अशी सूट तुम्ही वरचेवर घेत असाल, तर "१६ किंवा जास्त" हे वर्णन खरं राहत नाही. कार्डावर "चांगले १५ चालतात" असं लिहा. भिडूला तुमची सवय माहीत आणि विरोधकांना नाही, हे नियमात बसत नाही.

पायरी ३: उत्तर देणाऱ्याचे तीन रस्ते

मधे कुणी बोललं नसेल तर १ क्लबवर पास नाही. शून्य गुण असले, हातात सात किलवर असले, तरी नाही. ही गोष्ट इतकी साधी आहे की ती कुणी लिहून ठेवत नाही, आणि थकलेल्या दुपारी कुणीतरी हिरवं पास कार्ड काढून ठेवतं.

*० ते ७ गुण: १ डायमंड.* चौकटशी याचा संबंध नाही. हा नकार आहे. तो किती वेळा येईल? अख्ख्या कॅटात गुण ४०. ओपनरकडे किमान १६, म्हणजे उरलेल्या तिघांत मिळून जास्तीत जास्त २४, सरासरी प्रत्येकी ८ किंवा त्याहून कमी. तेव्हा होकारापेक्षा (८ किंवा जास्त) नकारच जास्त वेळा ऐकू येणार. नवखे लोक होकारानंतरचे स्लॅम (बारा किंवा तेरा हात करण्याची काँट्रॅक्ट) रंगवत बसतात. सराव १ डायमंडनंतरच्या बोलींचा करायला हवा.

*८ किंवा जास्त, पाच पत्त्यांचा रंग:* १ हार्ट, १ स्पेड, २ क्लब, २ डायमंड. इथून पुढे गेम होईपर्यंत कुणीही थांबायचं नाही. डायमंडचा होकार २ च्या पातळीवर द्यावा लागतो, कारण १ डायमंड नकाराने अडवून ठेवलाय.

*८ किंवा जास्त, समतोल:* १ नोट्रम्प ८–१०, २ नोट्रम्प ११–१३, ३ नोट्रम्प १४–१५.

४-४-४-१ वाटणीचा चांगला हात कुठेच बसत नाही. मूळ पद्धतीत यावर तोड आहे: आधी १ डायमंड म्हणायचं आणि पुढच्या फेरीत उडी मारून "तो नकार खोटा होता" हे सांगायचं. कल्पना झकास, पण नवख्या जोडीत भिडूला ती आठवेल याची खात्री काय? त्यापेक्षा एकुलत्या पत्त्याकडे काणाडोळा करून सुरुवातीला नोट्रम्पचं उत्तर द्या. कधीतरी चुकीच्या गेममध्ये जाल. विसरलेल्या करारापेक्षा ते स्वस्त पडतं.

पायरी ४: ओपनरची दुसरी बोली

१ क्लब – १ डायमंडनंतर ओपनर आता खरं बोलू लागतो. समतोल १६–१८ असेल तर १ नोट्रम्प, १९–२१ असेल तर २ नोट्रम्प. २२–२३ ची सोय आधीच २ नोट्रम्प ओपनिंगमध्ये झाली आहे. रंग असेल तर रंग: १ हार्ट किंवा १ स्पेड, पाच पत्ते. उडी मारून २ हार्ट किंवा २ स्पेड म्हणजे हात राक्षसी, पास चालणार नाही.

सापळा असा की १ क्लब – १ डायमंड – १ स्पेड यावर पास चालतो की नाही, याबद्दल जोड्याजोड्यांत फरक आहे. मूळ पद्धतीत चालतो. काहीजण एक फेरी सक्तीची मानतात. तुम्ही काय मानता ते आजच ठरवा. मी पहिलं घ्या म्हणेन.

एकच हात घेऊन दोन्ही वाटा बघू. ओपनरकडे: इस्पिक एक्का-राजा-१०-७-४, बदाम राजा-६, चौकट एक्का-गुलाम-५, किलवर राणी-८-३. गुण १७.

भिडूकडे इस्पिक ९-३, बदाम राणी-९-७-२, चौकट १०-८-६-३, किलवर गुलाम-६-४ असतील तर गुण तीन. बोली: १ क्लब – १ डायमंड – १ स्पेड – पास. मोठा हात असूनही गाडी पहिल्याच पातळीवर थांबली, आणि तेच बरोबर.

आता भिडूला इस्पिक राणी-६-२, बदाम एक्का-८-५-३, चौकट राजा-७-४-२, किलवर ७-५ द्या. नऊ गुण, समतोल. १ क्लब – १ नोट्रम्प – २ स्पेड – ३ स्पेड. ही ३ स्पेड थांबण्यासाठी नाही, कारण गेम तर ठरलेलाच आहे. ती इस्पिकची फिट (दोघांत मिळून पुरेसे इस्पिक) दाखवते आणि स्लॅमची चौकशी करायची असेल तर जागा मोकळी ठेवते. ओपनरकडे इथे जास्तीचं काही नाही, किलवरमध्ये भोक आहे, म्हणून तो ४ स्पेड म्हणून विषय संपवतो. याच जागी २१ गुण असते तर तो चौथ्या पातळीवर आपले एक्के दाखवू लागला असता. नैसर्गिक पद्धतीत इतक्या खाली इतकी माहिती क्वचितच मिळते.

मूळ नोट्समध्ये होकारानंतर आल्फा, बीटा, गॅमा अशा प्रश्नबोली असतात. भिडूच्या रंगाला थेट पाठिंबा दिला तर तो पाठिंबा नसून हुकमाच्या मोठ्या पत्त्यांची विचारपूस असते, वगैरे. त्या आत्ता काढून टाका आणि कार्डावर लिहा: पाठिंबा म्हणजे पाठिंबा.

पायरी ५: विरोधी जोडी मधे घुसली तर

घुसणारच. तुम्ही १६ दाखवलेत. त्यांना कळलंय की त्यांचा गेम बहुधा नाही. मग ते बोलतात ते तुमची जागा खायला. त्यातही ते नॉनव्हल्नरेबल आणि तुम्ही व्हल्नरेबल असाल (म्हणजे काँट्रॅक्ट बुडलं तर त्यांना दंड कमी, तुम्हाला जास्त), तर पाच पत्ते आणि धाडस एवढ्यावर २ स्पेड येऊन आदळते. शिवाय अनेक जोड्या कृत्रिम बोली वापरतात. मॅथी नावाच्या पद्धतीत १ क्लबवर डबल म्हणजे दोन्ही मेजर आणि १ नोट्रम्प म्हणजे दोन्ही मायनर (चौकट आणि किलवर). तेव्हा आपली पाळी आली की आधी अर्थ विचारा, मग बोला.

आता आपली योजना. बाजारात अनेक आहेत. लक्षात राहणारी ही घ्या:

१. *त्यांनी डबल केलं:* पास ०–४, १ डायमंड ५–७, बाकी सगळं डबल झालंच नाही असं धरून.
२. *त्यांनी २ स्पेडपर्यंत रंग बोलला:* पास ०–४, डबल ५–७, नवा रंग म्हणजे ८ किंवा जास्त आणि पाच पत्ते, गेमपर्यंत सक्ती. त्यांचाच रंग बोललात तर ८ किंवा जास्त, पण दाखवण्याजोगा पाच पत्त्यांचा रंग नाही.
३. *त्याहून वर:* डबल म्हणजे साधारण ८ किंवा जास्त, ठरावीक रंग नाही. पास म्हणजे त्याहून कमी.

दुसऱ्या ओळीतला डबल सगळ्यात जास्त गोंधळ घालतो. तो शिक्षेचा नाही आणि टेकआउटचाही (भिडूला त्याचा रंग बोलायला सांगणारा) नाही. तो फक्त आकडा सांगतो. वरच्याच ओपनरचा हात धरा. शेजारच्याने २ हार्ट म्हटलं. भिडूकडे इस्पिक राणी-६-२, बदाम ८-५, चौकट राजा-७-४-२, किलवर गुलाम-७-६-५, म्हणजे सहा गुण. तो डबल करतो. ओपनरला लगेच कळलं: आपल्या दोघांत २२ ते २४. तो २ स्पेड म्हणतो, भिडू तीन पत्त्यांच्या आधारावर ३ स्पेड करतो, आणि गेमला जायचं की नाही हा निर्णय सगळी माहिती हाताशी असलेला माणूस घेतो. हा करार नसता तर भिडूने पास केलं असतं आणि त्याच्याकडे शून्य आहेत की सात, याचा ओपनर अंदाज बांधत बसला असता.

भिडूने पास केलं आणि फेरी ओपनरकडे परत आली, तर ओपनरचा डबल टेकआउट. मोठा समतोल हात असेल आणि त्यांच्या रंगात अडवणारा पत्ता असेल तर नोट्रम्प. भिडू ०–४ मध्ये आहे हे विसरून १७ वर तिसऱ्या पातळीला उड्या मारू नका.

आणखी एक करार, जो बहुतेक जोड्या पहिल्या भांडणानंतरच करतात: आपण ८ किंवा जास्त दाखवले असतील, तर त्यानंतर विरोधकांना डबलशिवाय काँट्रॅक्ट खेळू द्यायचं नाही. म्हणजे अशा ठिकाणी आपण पास केला तर भिडूला पास करता येत नाही. भिडूने एक तर बोलायचं, नाहीतर डबल करायचं. ८ दाखवलेले नसतील तर पास म्हणजे नुसता पास.

मायनरचे मोठे हात या सगळ्यात सर्वांत जास्त मार खातात. चौकटची लांब ओळ घेऊन तुम्ही १ क्लब म्हणता, समोरून ३ हार्ट येते, आणि तुमचा रंग दाखवायचा म्हणजे थेट चौथी पातळी. यावर पूर्ण इलाज नाही. १६ चा असा हात असेल, गुण विखुरलेले असतील, तर मी १ डायमंडने ओपन करून झाकणाखाली राहणं पसंत करतो. भिडूला ही सवय सांगून ठेवलेली असते, अर्थात कार्डावरही.

पायरी ६: अलर्ट आणि उत्तरं

भिडूंच्या मधे पडदा नसलेल्या टेबलावर अलर्ट भिडू करतो, बोलणारा नाही. तुम्ही १ क्लब म्हटलं की तो अलर्ट कार्ड दाखवतो. त्याने १ डायमंड म्हटलं की तुम्ही. ऑनलाइन उलट आहे, स्वतःच्या बोलीला स्वतःच अलर्ट करायचं आणि अर्थही स्वतःच टाइप करायचा. दोन्हीकडे खेळणाऱ्यांचा इथे नेम चुकतो.

विरोधकांनी विचारलं तर "प्रिसिजन" हे उत्तर नव्हे. "१६ किंवा जास्त गुण, वाटणी कुठलीही" हे उत्तर. तसंच १ डायमंडसाठी "० ते ७, चौकटशी संबंध नाही."

भिडूने तुमच्या बोलीचा चुकीचा अर्थ सांगितला तर? बोली चालू असताना चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका, आणि ते स्पष्टीकरण ऐकलंच नाही असं धरून पुढची बोली करा. ते ऐकून सावध होणं हा नियमभंग आहे. नंतरचं, तुमची जोडी खेळणार की बचाव करणार, यावर ठरतं. काँट्रॅक्ट तुमचं असेल, तर शेवटच्या पासनंतर आणि पहिल्या उतारीआधी डायरेक्टरला (स्पर्धेच्या पंचाला) बोलवून दुरुस्ती सांगायची. बचाव तुमचा असेल तर डाव संपेपर्यंत तोंड बंद, मग डायरेक्टर. या दोन्हींची अदलाबदल करणारे अनुभवी लोकही बघायला मिळतात.

पायरी ७: सराव असा करा

साधे पत्ते वाटत बसलात तर १ क्लब फार कमी वेळा येतो आणि वेळ वाया जातो. त्यापेक्षा कॅटातून कुठलेही दोन एक्के, दोन राजे आणि एक राणी काढून एका हातात ठेवा. झाले सोळा. उरलेले ४७ पत्ते पिसा; त्या हाताला आठ आणि बाकी तिघांना तेरा-तेरा वाटा. आता प्रत्येक डावात १ क्लब आहे. एकाच वेळी एक जण ओपनर, दुसरा उत्तर देणारा. काही डावांनी जागा बदला. पत्ते खेळू नका, फक्त बोली करा आणि मग चारही हात उघडून शेवटचं काँट्रॅक्ट बरं होतं का ते बघा.

नकार-होकार सुरळीत झाले की तिसऱ्या माणसाला बसवा आणि त्याला एकच काम द्या: पाच पत्त्यांचा कुठलाही रंग दिसला की मधे बोलायचं, गुण असोत वा नसोत. ज्या डावात तुम्ही दोघं एकाच बोलीचा वेगळा अर्थ लावाल, तो डाव बाजूला काढा, करार ठरवा, पानावर लिहा, आणि तोच डाव पुन्हा बोला. स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्या पानात नवीन काहीही घालायचं नाही.